ताईच्या पगारातून जाणारा तुमचा हप्ता

"मावशी, मी 43 वर्षांचा, शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे. उमेदीची सगळी वर्षं दारूत गेली. दीड वर्षापूर्वी शेजारच्या मशीनवरचा मित्र प्रार्थनासभेला घेऊन गेला आणि प्रभूनं मला सोडवलं. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. येत्या ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. बायको अंबाबाईचा शुक्रवार चुकवत नाही. मला अडवत नाही, पण बरोबरही येत नाही. गल्लीत मी अजून दारुडाच. थोरला भाऊ म्हणतो, हे नवीन सोंग. लेथ टाकायला काढलेलं पतसंस्थेचं कर्ज थकलं, गडहिंग्लजची ताई जामीन होती, तिच्या पगारातून हप्ता जातो, पण ते जुनं झालं. ख्रिस्तात मी नवी उत्पत्ती आहे. चाकणला काम मिळतंय. या माणसांपासून लांब जाऊन नवी सुरुवात करू का?"
— एक वाचक, कोल्हापूर

भाऊ,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथं थोडक्यात दिलंय. त्यात गल्लीला दीड पान आहे, भावाला जवळजवळ एक पान. ताईला एक ओळ, तीही "पण ते जुनं झालं" म्हणून मिटवलेली. मी त्या एका ओळीवरच बोलणार आहे.

आधी एक सांगते. दीड वर्ष दारूला हात लावला नाही, हे सोपं नाही. संध्याकाळी पगार खिशात घालून उद्यमनगरातून सरळ घरी येणं म्हणजे काय, ते ज्याला रोज करावं लागतं त्यालाच कळतं. तुमच्या विश्वासावर मला शंका नाही. मी याच विश्वासात वाढले, म्हणून तर इतकं स्पष्ट बोलायचा हक्क घेते.

काय जुनं झालं, भाऊ? ताई नर्स आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तिचं पगारपत्रक डोळ्यांसमोर आणा. कपातीच्या बाजूला व्यवसाय कर 200 रुपये, भविष्यनिर्वाह निधी, आणि त्याच रकान्यात खाली पतसंस्थेची वसुली. या महिन्यात आहे, पुढच्या महिन्यातही असणार. रात्रपाळ्या ती करते आणि लेथच्या नावानं काढून बाटलीत गेलेले पैसे ती फेडते. जे दर महिन्याला नव्यानं कापलं जातं, ते जुनं कसं झालं?

कायद्यानं तिला पळवाट नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. नोकरदार जामीनदाराकडून पगारकपातीची संमती पतसंस्था आधीच लिहून घेते, आणि तरीही थकलं तर सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढून वसुलीला येते. ताईला तिच्या कामाच्या ठिकाणी हे सगळ्यांदेखत सोसावं लागलं असणार. दिवाळीला तिचा फोन येत नाही म्हणून तुम्ही तक्रार केलीय. मला तर तिनं फोन का करावा हेच कळत नाही.

"ख्रिस्तात नवी उत्पत्ती" हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं वचन तुम्ही लिहिलंत, पाचव्या अध्यायातलं सतरावं. अठरावं वाचलंत का? पत्र लिहिणारा प्रेषित पौल लगेच समेटाबद्दल बोलू लागतो. देवानं आपल्याशी समेट केला आणि समेटाचीच सेवा आपल्याकडे सोपवली, असं म्हणतो. तुम्ही वचनाचा अर्धा भाग घेतलात, सोयीचा तेवढा.

आता फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढा. पुरतं एक पानसुद्धा नाही, जेवणाच्या सुट्टीत वाचून होईल. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, मालकाला सोडून गेलेला. पौलाजवळ आला आणि नवा माणूस झाला. पौलानं त्याला आपल्याजवळच ठेवून घेतलं असतं, कामाचा होता. पण परत पाठवलं, ज्याचं देणं लागत होता त्याच्याच दारात. बरोबर चिठ्ठी दिली: तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. हे पौलानं स्वतःच्या हातानं लिहिलं.

भाऊ, तुमच्यासाठी हे शब्द आधी कुणी लिहिले? पतसंस्थेच्या फॉर्मवर, जामीनदाराच्या रकान्यात, ताईनं. तुम्ही पीत होतात तेव्हा लिहिले. प्रार्थनासभा, मित्र, पाळक हे सगळे नंतर आले. "ते माझ्या हिशेबी मांड" हे कुणी नुसतं न म्हणता खरोखर भरत आलं असेल, तर ती गडहिंग्लजची बाई. ती कधी चर्चची पायरी चढली नसेल. तुमच्या साक्षीत तिचं नाव सगळ्यात आधी यायला हवं होतं.

म्हणून एकच सांगते. येत्या रविवारी भक्तीला जाऊ नका, गडहिंग्लजची एसटी धरा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं प्रभूनंच सांगितलंय, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात. पाळकांना तसं सांगून जा. खरे पाळक असतील तर अडवणार नाहीत.

जायच्या आधी शनिवारी पतसंस्थेत जा. कर्जखात्याचा उतारा मागा. मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती, ताईकडून आजवर किती वसूल झालं, सगळं लेखी घ्या. एकरकमी परतफेडीची सवलत मिळते का विचारा. पुढचे हप्ते मी भरतो, जामीनदाराची कपात थांबवा, असा अर्ज देऊन पोच घ्या. हे कागद आणि एका हप्त्याची रोख रक्कम घेऊन ताईकडे जा. तिनं आजवर भरलेले पैसेही तुमच्यावर कर्जच आहेत. ते कसे फेडणार, हे तिच्यासमोर बसून ठरवा.

चाकणला जायचं नाही. कोल्हापुरात ख्रिस्ती म्हणून जगायला लांब जावं लागत नाही. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर इथं आले तेव्हापासून या गावात, याच शेजाऱ्यांत लोक विश्वासानं राहिलेत. तुम्हाला गल्लीची अडचण नाही, ताईच्या नजरेची आहे, आणि ती नजर चाकणलाही येईल.

वहिनींना घाई करू नका. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये, तोही स्वतःच्या मनानं. मधली वर्षं त्या बाईला किती जड गेली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. वहिनी शुक्रवारी देवळात जातात, त्यांना जाऊ द्या. भावाचं सोंगबिंग सोडून द्या, त्याला उत्तर द्यायची गरज नाही.

ईस्टरच्या आत ताईची कपात थांबली, तर बाप्तिस्मा खुशाल घ्या. नाही थांबली तर पुढे ढकला.

आणि ताईनं दार उघडलं नाही तर? तिचा तो हक्क आहे. दारात रडत बसू नका, शेजारीपाजारी गोळा करू नका. पैसे पाकिटात घालून भाच्याच्या हाती द्या आणि परतीची एसटी धरा. पुढच्या महिन्यापासून हप्ता भरलात की पावतीचा फोटो तिला पाठवा. खाली काही लिहू नका. वचन तर मुळीच नको.

— मावशी