एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू असताना हेपॅटायटिस सी निघाला तर?

तुमच्या धाकट्या भावाबद्दल वाचलं. टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली एचआयव्हीची गोळी) नियमित चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दबलेला आहे, आणि आता अँटी-एचसीव्ही (हेपॅटायटिस सीची अँटीबॉडी तपासणी) पॉझिटिव्ह आलं. ‘लिव्हरला आराम म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या काही महिने बंद ठेवू’ असं घरात चाललंय म्हणता. ते होऊ देऊ नका. एचआयव्ही मोकाट सुटला की हेपॅटायटिस सी लिव्हर आणखी लवकर खराब करतो. शिवाय त्याच गोळीतले टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन हेपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. भावाला बी असेल आणि गोळ्या अचानक तुटल्या, तर तो उसळून जिवावर बेतू शकतं. एचबीएसएजीचा (हेपॅटायटिस बीच्या तपासणीचा) रिपोर्ट फाईलमध्ये आहे का, आजच बघा.

अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहेच, असंही नाही. काहींचा आपोआप निघून जातो, अँटीबॉडी मात्र राहते. एचसीव्ही आरएनए (विषाणू आत्ता रक्तात आहे का ते दाखवणारी तपासणी) झाल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही.

हेपॅटायटिस सीसाठीची इंटरफेरॉनची इंजेक्शनं, ताप, निराशा, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खाली जाणं, हे सगळं जुन्या लोकांकडून ऐकलं असेल. तो काळ गेला. जुलै २०१८ पासून हेपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सिरॉसिस (लिव्हर आकसून कडक होणं) नसेल तर साधारणपणे सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटासविर ६० मिग्रॅ, रोज एकदा, १२ आठवडे. एचआयव्ही असलेलेही इतरांइतकेच बरे होतात.

गोची होते ती औषधांच्या जोडीत, आणि त्याहून जास्त लपवण्यात. लिव्हरच्या ओपीडीत माणूस एचआयव्हीचं सांगतच नाही. मग तिथले डॉक्टर डोस ठरवणार कशावरून? टीएलडीमधल्या डोल्युटेग्राविरसोबत डॅक्लाटासविर ६० च चालतं. पण कुणी अजून इफाविरेन्झ या एचआयव्हीच्या जुन्या औषधावर असेल तर ९० लागतं, रिटोनाविरसोबत अटाझानाविर (हीही एचआयव्हीचीच औषधं) असेल तर ३०. सिरॉसिसमध्ये हेपॅटायटिस सीचं वेलपाटासविर हे औषध देतात, ते इफाविरेन्झसोबत चालत नाही, आणि टेनोफोविरसोबत असेल तर किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. हेपॅटायटिस सीसाठी रिबाविरिन जोडलं आणि एचआयव्हीचं झिडोव्ह्युडिन चालू असेल, तर हिमोग्लोबिन धाडकन उतरतं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असताना हेपॅटायटिस सीच्या या गोळ्या देतच नाहीत. आधी टीबीचा कोर्स. हे सगळं पाठ करू नका. काउंटरवर मोठ्याने काही सांगायचीही गरज नाही. आत गेल्यावर एआरटीची हिरवी पुस्तिका डॉक्टरांसमोर ठेवायची, बस. हेपॅटायटिसचा कागद तसाच एआरटी सेंटरला दाखवायचा. ॲसिडिटीच्या, कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्यासुद्धा यादीत लिहा; त्यांच्या वेळा पाळाव्या लागतात.

लिव्हरची अवस्था ढोबळमानाने घरीही काढता येते. एसजीओटीला (लिव्हरच्या रक्त तपासणीतला आकडा) लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा, मग प्लेटलेटच्या हजारांनी भागा. एसजीओटी ८०, मर्यादा ४० आणि प्लेटलेट दीड लाख असतील तर २०० भागिले १५०, म्हणजे १.३३. दोनच्या वर गेलं तर सिरॉसिसची शंका घेतात. नक्की काय ते डॉक्टरच सांगतील.

काविळीची माळ आईला घालायचीच असेल तर घालू दे, वाद नको. झाडपाल्याचा काढा मात्र पोटात जाऊ देऊ नका. दारू पूर्ण बंद.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए. त्यात विषाणू सापडला नाही तर हेपॅटायटिस सी बरा झाला. अँटी-एचसीव्ही पुढेही पॉझिटिव्हच येत राहील, त्याने घाबरू नका. मात्र पुन्हा लागण होऊ शकते, सुई वाटून घेणं असेल तर विशेषच. सिरॉसिस असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही.

आरएनए, एसजीओटी, प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि एचबीएसएजी एवढं इथे टाका, नाव-गाव झाकून. सिरॉसिसची शंका असेल तर पुढचं वेगळं लिहितो.