कर्ज काढून दिलेलं दान

"मॅडम, कर्ज फिटेपर्यंत दशांश थांबवला तर आम्ही देवाला लुबाडलं असं होईल का?"

दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देणं. मी समुपदेशक आहे, आणि सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत येतो. त्यामागे बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाची धास्ती असते. दशांश न आणणाऱ्यांना तिथं देवाला ठकवणारे म्हटलंय, आणि आणणाऱ्यांसाठी आकाशाच्या खिडक्या उघडण्याचं वचनही तिथंच आहे. पण हप्ते थकलेल्या माणसाला त्यातली धमकी तेवढी ऐकू येते. हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई मिरजेतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स, पगार सोळा हजार. नवऱ्याचा स्वतःचा पिकअप टेम्पो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा सीझन, त्याच्या मागोमाग तासगावकडचा बेदाणा. तेव्हा गाडी रात्री-अपरात्री पळते, पावसाळ्यात मात्र बरेचदा दारात उभी.

दोघं आले ते भांडण घेऊन. मार्चमधल्या एका रविवारी मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, नव्या सभागृहासाठी निधी जाहीर करायला सांगितलं, तेव्हा नवऱ्याने उभं राहून ५१ हजार बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जूनपर्यंत अर्धेही भरले गेले नव्हते आणि मुलांची फी डोक्यावर आली होती. बाईंनी नवऱ्याला न सांगता पाटल्या तारण ठेवून निधीतले वीस हजार भरले. नवऱ्याने तोवर बायकोला न सांगता सावकाराकडून शेकडा पाचनं चाळीस हजार उचलले होते. म्हणजे महिन्याला दोन हजार नुसतं व्याज, वर्षाला मुद्दलाच्या साठ टक्के. दोघांनी एकमेकांपासून लपवलं, तेही एकाच कारणासाठी.

अशा घरांना बायबलच्या नीतिसूत्रांमधली मुंगी ऐकवायची आपल्याकडे फार हौस. आळशी माणसा, मुंगीकडे जाऊन शीक! हे वचन त्यांनाही ऐकवून झालं होतं. सलग दोन रात्री गाडी चालवून आलेल्या माणसाला काय आळशी म्हणणार? खरं तर सहाव्या अध्यायातल्या या सल्ल्यात पुढं आठव्या वचनात काय लिहिलंय ते आपण वाचत नाही. मुंगी उन्हाळ्यात आणि कापणीच्या दिवसांत साठवून ठेवते. तिथं कष्टाइतकाच वेळेलाही मान आहे. या घरात कष्टाची कमी नव्हतीच, सीझनचा पैसा सीझनमध्येच संपत होता.

त्यात दोघांचं वळण वेगळं. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्यानंतर इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नर्स आणि कंपाउंडर झाले. बाईंचं माहेर त्यातलंच. एक तारखेला पगार, त्यातून किराणा, फी, अर्पणाचं पाकीट, उरलं तर पोस्टात. नवऱ्याचं घर शेतीचं. पीक आलं की हात सैल, नाही आलं की उसनवार. तुम्ही उधळे आणि तू कंजूष, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं भांडण मुळात दोन घरांच्या सवयींचं होतं. माझ्या मते नवरा-बायकोच्या पैशांवरच्या भांडणांतली बरीचशी अशीच असतात.

वहीवर बारा महिने मांडले. सीझनमध्ये महिन्याला साधारण ९० हजार भाडं. डिझेल, टोल, दुरुस्तीचे ४० आणि गाडीचा हप्ता १४ वजा जाता हातात ३६ हजार. उरलेल्या आठ महिन्यांत हप्ता भागून हजारभर राहिले तरी नशीब. म्हणजे वर्षाची सरासरी काढली तर टेम्पोची कमाई महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास. नवरा त्या आकड्याकडे बघतच राहिला, कारण मनातून तो स्वतःला महिना नव्वद हजार कमावणारा माणूस समजत होता. दशांशही नव्वदचाच निघायचा, नऊ हजार. प्रत्यक्ष हातात येणाऱ्या पैशाचा तो चौथा हिस्सा होता, आणि डिझेलवरही दशांश जात होता.

देवाचा हिशोब समुपदेशकाने सांगू नये असं मला वाटतं, म्हणून त्यांच्या संमतीने पाळकसाहेबांना बोलावलं. ते हसले. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातला दशांश शेताच्या उपजाचा आहे, म्हणाले, आणि त्यातला तिसऱ्या वर्षाचा लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातले लोक), परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. दशांश आजही बंधनकारक आहे का, यावर मंडळ्यामंडळ्यांत एकमत नाही हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. कोणी दहावा हिस्सा नियम मानतं, कोणी नव्या करारात ठराविक हिस्सा सांगितलेला नाही म्हणतं. प्रेषित पौल मात्र करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवा म्हणतो, आणि दुसऱ्या पत्रात, दान जवळ असेल त्यातून मान्य होतं, जवळ नसेल त्यातून नव्हे.

नवऱ्याला ते पटेना. "मग विधवेच्या दोन टोल्यांचं काय? तिनं सगळंच टाकलं की."

प्रश्न रास्त होता. मंदिराच्या दानपेटीत आपलं होतं-नव्हतं ते टाकणाऱ्या गरीब विधवेची ही गोष्ट. पण ती दोन नाणी तिची स्वतःची होती, सावकाराची नव्हती. आणि मार्कच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात त्याच्या जरा आधी येशू कोणावर चिडलाय? विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर. सातव्या अध्यायात तर, देवाला अर्पण केलंय असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना त्यानं सरळ ढोंगी म्हटलंय. नवऱ्याच्या आईच्या बीपीच्या गोळ्या त्या जूनमध्ये उधारीवर येत होत्या. ते मी बोलले नाही, बाई बोलल्या.

पुढची कामं साधी होती. आधी सावकार. त्याच्याकडे परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. त्यांना तक्रार नको होती. बाईंनी पगारावर पतसंस्थेतून कमी व्याजाचं कर्ज काढून त्याचं खातं मिटवलं. कर्ज फेडायला कर्ज मी एरवी सुचवत नाही, पण साठ टक्क्यांपुढं काहीही स्वस्तच. सीझनच्या चार महिन्यांत प्रत्येकी पंधरा हजार बाईंच्या खात्यात वेगळे टाकायचे आणि जून ते डिसेंबर त्यातून घर चालवायचं, हे ठरलं. अर्पण बंद झालं नाही, हातात येणाऱ्या रकमेवर आलं. पावसाळ्यात पाकिटात शंभर रुपये असतात.

अवघड होतं ते ५१ हजारांचं. सगळ्यांसमोर बोललेला आकडा मागे कसा घ्यायचा? लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा माणूस मी आठवून दिला. खर्चाचा अंदाज आधी न काढल्यानं त्याचं लोकांत हसं होतं. "आता आमचंही होईलच," ते म्हणाले. ही लाज खोटी नव्हती, ती मी उडवून लावली नाही. खजिनदारांना भेटायला ते महिनाभर टाळत राहिले. अखेर गेले, तेव्हा उरलेली रक्कम दोन सीझनमध्ये द्यायचं ठरलं. खजिनदार म्हणाले, यादीतली आणखी काही नावं अशीच अडली आहेत, विचारायला आलेले तुम्ही पहिले. मंडळ्यांनी आकडे उभं करून बोलून घेणं बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्या टाळ्यांत माणूस आपली बारा महिन्यांची वही विसरतो.

पहिला सीझन बऱ्यापैकी गेला. चार महिन्यांऐवजी तीनदाच पंधरा हजार पडले, एकदा टायर गेले. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. आता नवा वाद उभा आहे: मे महिन्यात बाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न. बाईंना अंगठी करायची आहे आणि यावेळी वही उघडून बसलेत नवरोबा. त्या पाच हजारांच्या खाली यायला तयार नाहीत, ते तीनच्या वर जायला. पुढची भेट त्यासाठीच ठरली आहे.