लातूरहून क्वांटमच्या प्रयोगशाळेत: टिकाव लागतो का?

आपण लातूरच्या महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, नेटची तयारी चालू आहे आणि आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: विद्यापीठातल्या क्वांटम भौतिकशास्त्राच्या ग्रुपमध्ये विद्यार्थ्याचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाचा तिथे टिकाव लागतो का. मी अंबाजोगाईजवळच्या खेड्यातला. थंड अणूंवर प्रयोग करणाऱ्या एका ग्रुपमध्ये पीएच.डी. केली आणि आता परभणीत शिकवतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: टिकाव लागतो. मात्र अमुक ग्रुपमध्ये लागेल की नाही, हे संशोधनाच्या विषयापेक्षा तिथे आपली अडचण उघडपणे सांगणाऱ्याला कसे वागवतात, यावर जास्त अवलंबून असते.

एम.एस्सी.ला आपण अणूचे समीकरण कागदावर सोडवतो, तेव्हा तो अणू एकटा आणि स्थिर असतो. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत रुबिडियमची वाफ असते आणि तिच्यातले अणू खोलीच्या तापमानाला सेकंदाला अडीचशे-तीनशे मीटर वेगाने धावत असतात. त्यामुळे मुळात ६ मेगाहर्ट्झ रुंदीची वर्णरेषा (अणू ज्या वारंवारतेचा प्रकाश शोषतो ती बारीक रेषा) डॉप्लर परिणामाने, म्हणजे धावत्या अणूला प्रकाशाची वारंवारता बदललेली भासते म्हणून, पसरून सुमारे ५०० मेगाहर्ट्झची होते. ती बारीक रेषा पुन्हा दिसावी म्हणून एकाच लेझरचे दोन झोत त्या वाफेतून समोरासमोर पाठवतात. मग ऑसिलोस्कोपवरच्या रुंद खळग्याच्या आत लहान टोकदार उंचवटे दिसू लागतात. ७८० नॅनोमीटरचा लेझर त्यांतल्या एका उंचवट्यावर ‘लॉक’ करून ठेवणे, म्हणजे त्याची वारंवारता तिथेच धरून ठेवणे, हे माझे पहिल्या वर्षातले मुख्य काम होते. लॉक टिकला तरच पुढे सहा बाजूंनी झोत सोडून अणू पकडता येतात आणि त्यांचे तापमान शंभर-दीडशे मायक्रोकेल्विनपर्यंत खाली नेता येते.

माझा लॉक रोज दुपारी पुन्हा पुन्हा सुटत असे. चूक माझ्याच सर्किटमध्ये असणार असे धरून मी तीन आठवडे एकट्याने सोल्डरिंगचे डाग देत बसलो आणि कोणालाही बोललो नाही. शेवटी ग्रुप मीटिंगमध्ये सांगावेच लागले, तेव्हा एका सिनिअर ताईंनी विचारले, “लॉक सुटल्याच्या वेळा वहीत लिहिल्या आहेत का?” लिहिल्या होत्या. त्या एकाखाली एक मांडल्यावर दिसले, की दर अकरा-बारा मिनिटांनी तो सुटतो, आणि खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसरही तेवढ्याच वेळाने चालू होतो. गार हवेचा झोत थेट लेझरवर येत होता, आणि लेझर डायोडचे तापमान किंचित हलले तरी त्याची तरंगलांबी सरकते. आम्ही त्यावर ॲक्रिलिकचा डबा बसवला आणि त्या रात्री लॉक सहा तास टिकला. मार्गदर्शक सरांनी फक्त एवढेच विचारले, की हे पहिल्याच आठवड्यात का सांगितले नाहीस.

याचे खरे उत्तर आपल्याकडच्या वळणात आहे. वर्गात सरांना मध्येच थांबवू नये, हे आपण मराठवाड्यात आदर म्हणून शिकतो आणि त्या आदराची मला आजही किंमत आहे. परंतु ग्रुप मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्याचे महिने वाया जातात. इंग्रजीची भीती बाळगू नका. “मला हे समजले नाही” हे साध्या इंग्रजीत म्हणता आले, तरी सुरुवातीला पुरते.

बाकी दिवस असा जातो: सकाळी लेझर चालू करून तासभर स्थिरावू द्यायचा, आरसे जुळवायचे, दुपारी पहिल्या वर्षाचा कोर्सवर्क किंवा विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके, आणि इमारत शांत झाल्यावर रात्री मोजमापे. निर्वात पात्र जोडल्यावर आत चिकटलेले वायू निघून जावेत म्हणून ते हीटर टेप आणि ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून अनेक दिवस तापवत ठेवतात, तेव्हा रात्रीच्या पाळ्या लागतात. तापमान घाईने वाढवले तर काचेच्या खिडकीला तडा जातो. सैद्धान्तिक ग्रुपमध्ये यातले काही नसते, तिथे पायथॉन आणि कागद यांवरच दिवस जातो. तिथल्या अडचणी मात्र वेगळ्या: ३० क्युबिटची (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे एकक) संपूर्ण अवस्था साठवायला सुमारे १७ जीबी मेमरी लागते आणि पुढच्या प्रत्येक क्युबिटला ती दुप्पट होते.

पैशाचे घरी आधीच स्पष्ट सांगा. २०२३ पासून जेआरएफ (सुरुवातीची संशोधन शिष्यवृत्ती) महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ (पुढच्या वर्षांची) ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. रक्कम कधीकधी उशिरा जमा होते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी असावा. पीएच.डी.ला पाच वर्षे तरी जातील असे धरून चाला.

काळ अनुकूल आहे, असे मला मनापासून वाटते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे ६,००३ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले आणि त्याच महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेलाही मंजुरी मिळाली. तिथे लेझरचा झोत धावण्यासाठी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. अशा यंत्रात प्रकाशाचा स्वतःचा क्वांटम गोंगाटही आड येतो आणि अमेरिकेतल्या लायगोत २०१९ पासून ‘स्क्वीझ्ड’ (गोंगाट एका बाजूने दाबलेला) प्रकाश वापरून तो कमी करतात. लेझर स्थिर ठेवायला शिकलेल्या हातांना आपल्याच भागात काम असू शकेल, ही गोष्ट माझ्या विद्यार्थिदशेत कल्पनेतही नव्हती.

नेट, गेट किंवा जेस्ट (भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) यांचा निकाल हातात आला, की मार्गदर्शकांना मेल करण्याआधी त्या ग्रुपमधल्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. मागच्या वेळी महागडे उपकरण कोणाच्या हातून बिघडले तेव्हा पुढे काय झाले, आणि शेवटच्या तिघांच्या पीएच.डी. किती वर्षांत पूर्ण झाल्या, एवढेच विचारा. पहिल्या प्रश्नावर दोघेही अडखळू लागले, तर दुसरा ग्रुप बघा.