नेमणूकपत्र येण्याआधी पाहायचा कागद

बँक भरतीचे निकाल लागले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. अभ्यासाचे प्रश्न थांबतात आणि ‘सिबिल’चे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालाचे आणि त्यावरून मिळणाऱ्या गुणांचे (स्कोअरचे), सुरू होतात. कर्ज विभागात अनेक वर्षे काम केल्यामुळे मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते, ती अशी की मुलांच्या नोकऱ्या बहुतेक वेळा कमी आकड्यामुळे अडत नाहीत, तर अहवालात मिटवायचा राहून गेलेल्या एखाद्या थकबाकीमुळे अडतात. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने वाचावीत.

प्रश्न (खानापूर तालुका): मी अभियांत्रिकीसाठी साडेतीन लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले होते. शिक्षणानंतर दोन वर्षे नोकरी मिळाली नाही आणि हप्ते थकले. आता सरकारी बँकेत लिपिक म्हणून तात्पुरती निवड झाली आहे. सिबिल स्कोअर ५८० आहे. नोकरी हातची जाईल का?

आधी बँक कोणती हे पाहा, कारण नियम सगळीकडे सारखे नाहीत. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या ‘आयबीपीएस’ या संस्थेमार्फत होणाऱ्या भरतीच्या जाहिरातीत पूर्वी किमान स्कोअरची अट होती, पुढे स्टेट बँक वगळता इतर सरकारी बँकांनी ती काढली. मात्र अट निघाली म्हणजे तपासणी थांबली, असे समजू नका. ज्या खात्यांवर प्रतिकूल नोंद आहे त्यांची स्थिती रुजू होण्याच्या तारखेआधी अद्ययावत करून घ्यावी, किंवा त्या खात्यांवर येणे बाकी नाही असे कर्ज देणाऱ्या संस्थेचे पत्र आणावे, नाहीतर नेमणुकीचा देकार रद्द होऊ शकतो, असे जाहिरातीत लिहिलेले असते. म्हणजे ५८० या आकड्यापेक्षा शैक्षणिक कर्जाची थकीत नोंद तुम्हाला अधिक त्रास देणारी आहे.

उद्याच कर्ज देणाऱ्या शाखेत जा. थकलेले हप्ते, त्यांवरील व्याज आणि दंड यांचा लेखी आकडा मागा. खाते अनुत्पादित, म्हणजे ‘एनपीए’ झाले असेल, तर व्याज आणि मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरल्यावरच ते पुन्हा नियमित होते. दोन-तीन हप्ते भरून नोंद बदलत नाही. पैसे भरल्यावर शाखेच्या शिक्क्यासह पत्र घ्या. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी किमान पंधरवड्याला एकदा पतमाहिती कंपन्यांना (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना) माहिती पाठवावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे काही आठवड्यांत अहवालात बदल दिसायला हवा. थकबाकी भरली पण उरलेले कर्ज चालू आहे, एवढे निवड झालेल्या बँकेला पुरेल का, हे तिच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

निवड स्टेट बँकेत झाली असती तर मी अधिक काळजीने लिहिले असते. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची परतफेड चुकवल्याची नोंद असलेला उमेदवार नेमणुकीस अपात्र ठरेल, असे तिच्या जाहिरातीत असते. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच कारणाने रद्द झालेली एका उमेदवाराची नेमणूक पुन्हा बहाल करण्यास नकार दिला. आपण सर्व कर्जे आधीच फेडली होती, असे त्या उमेदवाराचे म्हणणे होते. तरीही लोकांचा पैसा हाताळणाऱ्या पदासाठी आर्थिक शिस्त पाहण्याचा बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला.

आपल्या भागातील अनेक घरांत मी एक गोष्ट पुन:पुन्हा पाहिली आहे. शैक्षणिक कर्जात मुलगा मुख्य कर्जदार आणि वडील सहकर्जदार असतात, पण शाखेची नोटीस जाते ती गावच्या पत्त्यावर. वडील ती रेशनकार्ड आणि शेताच्या उताऱ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवतात, आणि पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये नोकरी शोधणाऱ्या मुलाला त्याविषयी कळवत नाहीत, कारण त्याला आधीच चिंता पुरेशी आहे असे त्यांना वाटते. शिक्षणानंतर साधारण वर्षभराची सवलत संपते आणि हप्ते सुरू होतात, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांचे कर्ज सवलतीच्या काळात आहे त्यांनी आपला आजचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक शाखेत आजच नोंदवावा.

प्रश्न (बैलहोंगल तालुका): वडिलांचे पीकेपीएसचे (गावच्या कृषी सहकारी पतसंस्थेचे) पीककर्ज तीन वर्षांपासून थकले आहे. त्यामुळे माझी नोकरी अडेल का?

नाही. पतअहवाल व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नसतो. तुम्ही त्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर तुमच्या अहवालात ते येत नाही. वडिलांचे कर्ज फेडण्यास हातभार लावा, पण नोकरीचा अर्ज निःशंक मनाने करा.

प्रश्न (निपाणी): एका नातेवाइकाच्या वाहनकर्जाला मी जामीन राहिलो. कागद कन्नड आणि इंग्रजीत होते, मी मराठी माध्यमात शिकलेला; सही केली. त्याने हप्ते थकवले. आता पुण्यातील एका वित्तसंस्थेने मुलाखतीनंतर माझा पतअहवाल मागितला आहे. देणे बंधनकारक आहे का?

पतमाहिती कंपन्यांचा २००५ चा कायदा असा आहे की तुमचा अहवाल वाटेल त्याला मिळत नाही. खासगी कंपनी साधारणपणे तो तुमच्याकडूनच मागते किंवा पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेमार्फत तुमची संमती घेऊन मिळवते. संमती नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण पैशांशी संबंधित पदासाठी कंपनीही मग पुढे जायचे की नाही हे ठरवू शकते. म्हणून माझा सल्ला असा की अहवाल द्या, पण त्यासोबत एक पानाचे निवेदन जोडा. हे कर्ज माझे नसून मी जामीनदार आहे, अहवालात खात्याच्या तपशिलात ते तसेच नोंदलेले आहे, माझ्या स्वतःच्या कर्जांचे हप्ते वेळेवर गेले आहेत, एवढेच त्यात साध्या शब्दांत लिहा. अहवालात दर महिन्याचा एक चौकोन असतो आणि त्यात किती दिवसांची थकबाकी हे छापलेले असते. ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही. तुमच्या स्वतःच्या खात्यांखालची ही शून्यांची ओळ दाखवता आली तर वाचणाऱ्याला तुमचे म्हणणे लगेच पटते.

जबाबदारीतून मात्र सुटका नाही. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. नातेवाइकाला बसवून हप्ते भरायला लावा, किंवा वाहन विकून खाते बंद करायला सांगा. कागदांच्या भाषेविषयी तुमच्या मनात जो सल आहे तो मला समजतो, कारण सीमाभागात असे हजारो कागद न वाचता सही झाले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायचे आहे. यापुढे कर्ज घेताना ते मराठीत मागा, आणि कोणाला जामीन राहायचे असेल तर कर्जदाराकडून ते घेऊन वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): बचत गटातील ओळखीच्या बाईने माझ्या नावावर दोन मायक्रो फायनान्स कर्जे काढायला लावली. पैसे तिने घेतले आणि हप्ते भरणे बंद केले. मला एका कंपनीत वसुली प्रतिनिधीची नोकरी मिळण्याची शक्यता आहे. काय सांगू?

ताई, तुमच्यासारखी पत्रे मला बऱ्याच महिलांकडून आली आहेत, आणि प्रत्येक पत्रात तुमच्यासारखीच लाज लिहिलेली असते. फसवणूक करणाऱ्या व्यक्तीची लाज तुम्ही वाहण्याचे कारण नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र सही तुमची असल्यामुळे कर्ज तुमच्या नावावर आहे, आणि मायक्रो फायनान्स संस्थाही पतमाहिती कंपन्यांना कळवतात. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्यामुळे केवळ सिबिल पाहून समाधान मानू नका. प्रत्येक कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देते, तो चारही ठिकाणांहून काढा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. त्याची प्रत कर्ज देणाऱ्या दोन्ही संस्थांना पाठवून हप्ते पुनर्रचित करण्याची विनंती करा. नोकरीच्या ठिकाणी विचारण्याआधीच ही हकीकत सांगा आणि तक्रारीची प्रत पुढे ठेवा. वसुलीचे काम रोख पैशाचे असल्याने तेथे पतअहवाल पाहिला जाण्याची शक्यता मोठी असते. लपवलेली थकबाकी नंतर सापडली तर खोटेपणाचा शेरा बसतो, आणि तो थकबाकीपेक्षा जड असतो.

एक सूचना अजून. संस्थेचा माणूस “थोडे भरा, मिटवून टाकू” म्हणेल. कमी रकमेत तडजोड झाली तर अहवालात ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद होते, आणि नोकरी देणारे तिच्याकडे पूर्ण परतफेड म्हणून पाहत नाहीत. शक्य असेल तर हप्ते लांबवा, पण पूर्ण भरा.

प्रश्न (चिक्कोडी): मी कधीच न घेतलेले कर्ज माझ्या अहवालात दिसते. नाव आणि जन्मतारीख जुळणाऱ्या दुसऱ्या कोणाचे असावे. कागदपत्र तपासणीला महिना उरला आहे.

आजच पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवा. पॅन, आधार आणि जुना पत्ता यांतील फरक स्पष्ट दाखवा. तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते. त्यातील २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला मिळतात. त्याहून उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. भरपाईपेक्षा तुम्हाला वेळ महत्त्वाचा आहे, म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि पाठवलेल्या कागदांची प्रत निवड झालेल्या बँकेला आधीच देऊन ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तपासणीच्या दिवशी फाइलमध्ये सर्वांत वर तक्रारीची पोहोच ठेवा आणि तिच्याखाली अहवाल.