कमोडोर ६४ नव्या टीव्हीला जोडताना

कमोडोर ६४ हा १९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडायचाय ना? केबलचं नंतर बघू, आधी त्याचा पॉवर सप्लाय तपास. मूळ अडॅप्टर म्हातारा झाला की ५ व्होल्टपेक्षा जास्त सोडू लागतो आणि रॅमच्या चिप जातात. मीटरने मोजल्याशिवाय मशीन चालू करू नकोस.

आता चित्र. अँटेनाचं आउटपुट विसर. मागचं गोल सॉकेट ८ पिनांचं असेल तर त्यातून लुमा (उजेडाचा सिग्नल) आणि क्रोमा (रंगाचा सिग्नल) वेगवेगळे मिळतात. एस-व्हिडिओ केबल तिथूनच काढ.

स्वस्तातला एचडीएमआय कन्व्हर्टर मात्र नको (मी दोन फेकलेत). मशीन इंटरलेस (एका फेरीत विषम रेषा, पुढच्या फेरीत सम) न करता चित्र पाठवतं, कन्व्हर्टर ते इंटरलेस्ड समजतो आणि धावणारे स्प्राइट (गेममधल्या हलत्या आकृत्या) फाटतात. रेट्रोटिंक २एक्ससारखा लाइन डबलर (चित्राची प्रत्येक रेषा दुप्पट करणारं उपकरण) घे. पाल मशीन (युरोप, भारतातल्या टीव्ही पद्धतीचं) असेल तर स्क्रीन ५० हर्ट्झ घेते का, ते आधी बघ; बरेच मॉनिटर घेत नाहीत.