५० लाख डॉलरच्या बातमीत शोधायचं काय?

तुमच्या अमेरिकेतल्या गावच्या विद्यापीठाला जेरियाट्रिक्सच्या, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकीय सेवेच्या, शिक्षणासाठी ५० लाख डॉलर मिळाले, तर मराठी मंडळाच्या अंकात 'विक्रमी अनुदान' असा मथळा द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर देऊ नका.

हे पैसे अमेरिकी सरकारच्या हर्सा (HRSA) या आरोग्यसेवेसंबंधीच्या संस्थेचे. वृद्धांच्या सेवेसाठी मनुष्यबळ तयार करणारा तिचा 'जेरियाट्रिक्स वर्कफोर्स एनहान्समेंट प्रोग्राम' २०१५ पासून चालू आहे. २०२४ च्या फेरीत ४२ संस्थांना मिळून सुमारे २० कोटी ६० लाख डॉलर जाहीर झाले. भागाकार करा, प्रत्येकी जवळपास ५० लाखच येतात! म्हणजे विक्रमी असं काही नाही. वर्षाला १० लाखांची कमाल मर्यादा, मुदत पाच वर्षं. २०१९ च्या फेरीतल्या बातम्या काढून बघा, ३७.५ लाख हा आकडा राज्याराज्यांत सापडेल. तेव्हा मर्यादा वर्षाला साडेसात लाख होती. प्रसिद्धी विभाग आपापल्या परीनं ढोल वाजवणारच, त्यांचं कामच ते.

आणि ही रक्कम एकदम हातात पडत नाही. दरवर्षी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, तरतूद केली तर पुढचा हप्ता. २००६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाच्या जेरियाट्रिक्स प्रशिक्षण कार्यक्रमांचा निधी चक्क शून्यावर आणला होता, पुढच्या वर्षी परत मिळाला. म्हणून 'पाच वर्षांत मिळून, ५० लाखांपर्यंत' असं लिहा.

विद्यापीठाच्या प्रसिद्धीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरातला मजकूर असतो, तो सोडू नका. एकूण रक्कम किती आणि त्यात बिगरसरकारी वाटा किती टक्के, हे हर्साच्या नियमानुसार तिथे द्यावं लागतं. मथळ्यापेक्षा मी त्यावर विश्वास ठेवतो. दरवर्षी प्रत्यक्षात किती रक्कम मंजूर झाली ते 'यूएसएस्पेंडिंग'च्या सरकारी साइटवर फुकट बघता येतं.

खरी गोम 'इतक्या जणांना प्रशिक्षण' या वाक्यात आहे. वर्षभराची फेलोशिप (विशेष प्रशिक्षण) करणारा डॉक्टर आणि तासाभराचं वेबिनार ऐकणारी नर्स एकाच बेरजेत घातलेले असू शकतात. फोड मागा. निवासी डॉक्टर किती, फेलो किती, नुसते श्रोते किती? जेरियाट्रिक्स फेलोशिपच्या कितीतरी जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, त्यामुळे फेलोंचा आकडा लहान दिसला तर नवल नाही.

घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना शिकवणं, त्यातही डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) बाबतीत, हाही या कार्यक्रमाचा भाग आहे. आई-बाबांना इकडे आणलेले बरेच जण तुमच्या मंडळात असतील. प्रकल्पप्रमुखांना ईमेल करून असे वर्ग कधी, कुठे आणि कोणत्या भाषेत होतात ते विचारा आणि बातमीखाली चौकटीत छापा.