डिसेंबरात शिकागोहून लॉस एंजेलिसला गाडीने जायचंय. नकाशा आय-८० आणि आय-७० हे इंटरस्टेट महामार्ग दाखवतोय. हाच रस्ता धरू का? आणि या नंबरांना काही अर्थ असतो का?

आधी नंबरांचं सांगतो, कारण वाटेत तेच उपयोगी पडतात. सम नंबर म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ता, विषम म्हणजे दक्षिण-उत्तर. विषम नंबर पश्चिमेकडून वाढत जातात, म्हणून पॅसिफिकच्या बाजूला आय-५ आणि अटलांटिकच्या बाजूला मायामीहून मेनपर्यंत गेलेला आय-९५. सम नंबर दक्षिणेकडून वाढतात. तळाला सांता मोनिका ते जॅक्सनव्हिल आय-१०, वर सिएटल ते बोस्टन आय-९०, सगळ्यांत लांब, ३,००० मैलांच्या थोडा वरच. (भारतात याच्या उलट आहे. श्रीनगर-कन्याकुमारी ४४, पनवेल-कन्याकुमारी ६६, दोन्ही सम. आमचे बाबा तर पुणे-बंगळूर रस्त्याला अजून 'एनएच फोर'च म्हणतात, तो ४८ होऊन इतकी वर्षं झाली तरी.)

मी न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला बिऱ्हाड हलवलं तेव्हा गाडी आय-८० वरूनच नेली. आयोवापर्यंत मजेत गेलो, वॉलकॉटच्या त्या अवाढव्य ट्रक स्टॉपवर पोटभर जेवलो. नेब्रास्कात मात्र लिंकन ते ग्रँड आयलंड सत्तर-एक मैल रस्ता सुतात मारल्यासारखा सरळ. पेट्रोल भरून निघालो आणि चुकून पूर्वेचा रॅम्प धरला. दोन्हीकडे तसंच सपाट रान, तेच आभाळ, कळणार कसं? कळलं ते एक्झिटच्या पाट्यांवरून. सम नंबरच्या रस्त्यावर मैल राज्याच्या पश्चिम सीमेपासून मोजतात, म्हणजे पश्चिमेला जाताना आकडे उतरायला हवेत. माझे चढत होते. वीस मैल फुकट गेले.

आता तुमचा प्रवास. नकाशातला रस्ता उन्हाळ्यात सुंदर आहे, पण आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे आणि रॉकीजमधला बर्फ तुमच्या सुट्टीचं वेळापत्रक बघत नाही. डेन्व्हर टाळायचं म्हणून आय-८० ने वायोमिंगमधून जाऊ नका. लॅरमीच्या पुढे वारा आणि बर्फ वाढला की रेल्वेच्या फाटकासारखी फाटकं पाडून हायवेच बंद करतात. मग मोटेलात बसून राहायचं.

मी असतो तर दक्षिणेने गेलो असतो. आय-५५ ने सेंट लुईस, तिथून आय-४४ ने ओक्लाहोमा सिटी, मग टेक्सासचा वरचा तुकडा, न्यू मेक्सिको, ॲरिझोना ओलांडत आय-४० ने थेट बार्स्टो आणि शेवटी आय-१५. बराचसा जुना रूट ६६ च आहे हा. अंतर दोन हजार मैलांच्या आसपास, चार मुक्काम धरा. मिसुरी-ओक्लाहोमात कधी पावसाचा बर्फ होऊन रस्ता निसरडा होतो, तेवढा हवामानाचा अंदाज रोज सकाळी बघा. फ्लॅगस्टाफ ७,००० फुटांवर आहे, तिथे बर्फ मिळू शकतो, म्हणून त्या रात्री अलीकडे विन्स्लोला थांबा आणि फ्लॅगस्टाफ सकाळी ऊन चढल्यावर पार करा.